दोघांनी एकाच वेळी बदल केला तर खरा कुणाचा? ॲमेझॉनचा खोळंबा, गुगल डॉक्स आणि सॉफ्टवेअर बांधण्याआधीच तपासण्याची पद्धत

२० ऑक्टोबर २०२५. ऐन दिवाळी. भारतात दुपारी सव्वाबाराच्या सुमारास जगभरातली ॲप्स एकेक करून माना टाकायला लागली. स्नॅपचॅट, कॅनव्हा, ड्युओलिंगो, सिग्नल, रोब्लॉक्स, फोर्टनाइट, पर्प्लेक्सिटी, ॲमेझॉनची स्वतःची अलेक्सा. तुम्ही तेव्हा कॅनव्हावर शुभेच्छांचं कार्ड करायला बसला असाल तर आधी वायफायला शिव्या घातल्या असतील. वायफायची काही चूक नव्हती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, डेटा सेंटर्सचं एक मोठं जाळं आहे. तिथलं डायनॅमोडीबी नावाचं डेटाबेस कुणालाच सापडेना, कारण इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतली त्याची नोंद कोरी झाली होती. मूळ बिघाड आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीनपर्यंत आवरला, पण बाकी सगळं रुळावर यायला २१ तारखेची पहाट झाली.

हॅकिंग? नाही. केबल तुटली? तीही नाही. एडब्ल्यूएसने नंतर सविस्तर अहवाल दिला. त्यातलं कारण ऐकायला अगदी घरगुती आहे. एकाच नोंदीवर दोन जण एकाच वेळी काम करत होते आणि एकाने दुसऱ्याचं काम पुसून टाकलं.

ग्रुप असाइनमेंट केलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. फरक इतकाच की इथले ‘दोन जण’ म्हणजे दोन प्रोग्राम होते.

नेमकं झालं काय?

डायनॅमोडीबीचे पत्ते सांभाळायला एक स्वयंचलित व्यवस्था आहे. तिच्यात एक ‘प्लॅनर’ असतो. सध्या कोणत्या सर्व्हरकडे किती ट्रॅफिक वळवायचं, याच्या नवनव्या योजना तो बनवत राहतो. या योजना प्रत्यक्ष लागू करतात ‘एनॅक्टर’. ते तीन आहेत आणि तीन वेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे चालतात. एक बंद पडला तरी काम थांबू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे तिघे मुद्दामच एकमेकांवर अवलंबून नाहीत.

त्या दिवशी एक एनॅक्टर विलक्षण संथ झाला. त्याने एक योजना हातात घेतली, ‘ही आधीच्या योजनेपेक्षा नवी आहे ना?’ हे तपासलं, उत्तर ‘हो’ आलं आणि तो रेंगाळत कामाला लागला. तेवढ्या वेळात प्लॅनरने आणखी बऱ्याच योजना बनवल्या. दुसऱ्या एनॅक्टरने त्यातली ताजी योजना झटपट लागू केली आणि नियमाप्रमाणे जुन्या योजनांची साफसफाई सुरू केली. नेमका त्याच क्षणी रेंगाळलेला पहिला एनॅक्टर जागा झाला आणि त्याने आपली शिळी योजना ताज्या योजनेवर चढवली. त्याने सुरुवातीला तपासलं होतं हे खरं, पण ते उत्तर आता खोटं झालं होतं. मग साफसफाईवाल्याने पाहिलं की ही योजना तर फारच जुनी आहे, आणि ती उडवून टाकली. लागू असलेली योजनाच उडाल्यावर सगळे पत्ते गेले. वर व्यवस्था अशा विचित्र अवस्थेत अडकली की कुठलाच एनॅक्टर पुढचा बदल करू शकेना. शेवटी माणसांना हाताने दुरुस्ती करावी लागली.

इथे प्रत्येकाने आपापलं काम नियमाप्रमाणेच केलं. दोन्ही एनॅक्टर वेगवेगळे पाहिले तर दोष काढायला जागा नाही. चूक त्यांच्या एकत्र येण्यात होती.

अशा चुका शोधायला एक खास पद्धत आहे: फॉर्मल मॉडेलिंग. आणि ती मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या पहिल्या काही इंटरनेट कंपन्यांत खुद्द ॲमेझॉन आहे. तेही याच डायनॅमोडीबीवर! मग हे झालं कसं? तिकडे येऊच. त्याआधी रोजच्या वापरातलं उदाहरण घेऊ, म्हणजे ही चूक किती सहज होते ते दिसेल.

‘२५०’ची गोष्ट

सोसायटीच्या वर्गणीची एक शीट आहे, तुम्ही आणि सेक्रेटरी काका दोघांनीही ती उघडली आहे. एका रकान्यात ‘२५०’ आहे. तुम्ही सुरुवातीला १ जोडता. त्याच क्षणी काका शेवटचा शून्य खोडतात. दोघांचे बदल मिळून उत्तर यायला हवं १२५.

संगणकाच्या भाषेत तुमचा बदल असा: ‘पहिल्या जागी १ घाल’. काकांचा असा: ‘तिसऱ्या जागचा अंक काढ’. आता हे संदेश एकमेकांकडे जातात. काकांकडे ‘२५’ आहे, पुढे १ लागला की ‘१२५’ होतं. उत्तम. तुमच्याकडे मात्र आधीच ‘१२५०’ झालं आहे आणि त्यातला तिसरा अंक आहे ५. तो गेला की उरतात ‘१२०’. एकच शीट, दोन स्क्रीन, दोन रकमा. आणि दोघांनाही आपलीच रक्कम खरी वाटते.

यावरचा तोडगा असा: काकांचा संदेश तुमच्याकडे पोचला की जसाच्या तसा वापरायचा नाही. तुमच्या बदलामुळे सगळे अंक एक घर पुढे सरकलेत, म्हणून ‘तिसरा’चं ‘चौथा’ करून घ्यायचं. याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. गुगल डॉक्समध्ये तुमच्या कर्सरशेजारी दुसऱ्याचा रंगीत कर्सर पळतो, त्यामागे हीच कल्पना आहे. ती मांडली एलिस आणि गिब्ज या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये, म्हणजे गुगलचा जन्म व्हायच्या जवळपास दशकभर आधी.

फक्त एक अडचण होती. त्यांची पद्धत चुकीची होती.

बरोबर ‘दिसणाऱ्या’ पद्धतींची रांग

दोघांचं गणित जमतं, पण तिसरा आला की बिघडतं. पुन्हा ‘२५०’च घ्या. तुम्ही २ आणि ५च्या मध्ये ७ घातला. काकांनी ५ खोडला. तिसऱ्या कुणी ५ आणि ०च्या मध्ये ९ घातला. उत्तर हवं २७९०. ज्याच्या स्क्रीनवर आधी ७ आणि ९ आले आणि मग ५ गेला, त्याला बरोबर २७९० दिसतं. पण ज्याच्याकडे ५ आधी गेला, त्याच्यासाठी ७ आणि ९ दोघेही ‘२च्या नंतर’ या एकाच जागेचे उमेदवार होतात. कोण आधी, कोण नंतर हे सांगणारा ५ आता नाहीच. मग प्रोग्राम काहीतरी ठरावीक नियम लावतो, समजा ज्याचा आयडी लहान तो पुढे, आणि निकाल २९७० येऊ शकतो.

१९९०च्या दशकात या दुखण्यावर एकामागून एक उपाय शोधनिबंधांत छापून आले. बहुतेकांसोबत ‘हे का बरोबर आहे’ याचं स्पष्टीकरणही असायचं. वाचणाऱ्यांना ते पटायचं. मग २००३ मध्ये फ्रान्समधल्या अब्देसमद इमिन आणि सहकाऱ्यांनी एक सरळ काम केलं. या प्रसिद्ध पद्धती त्यांनी गणिती भाषेत लिहून काढल्या आणि स्पाइक नावाच्या सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामला दिल्या. प्रोग्रामला लाजलज्जा नसते आणि लेखक किती मोठा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याने एकामागोमाग पद्धतींमध्ये नेमकी उदाहरणं काढून दाखवली: हे तीन बदल या क्रमाने करा, दोन स्क्रीनवर दोन वेगळे मजकूर दिसतील.

गंमत पुढे आहे. इमिन आणि सहकाऱ्यांनी स्वतः सुचवलेला सुधारित उपायही नंतर तिघांच्या परीक्षेत नापास झाला. त्यानंतरच्या दशकात इमिन यांचाच सहभाग असलेल्या एका गटाने आणखी पुढचा निष्कर्ष काढला: बदलाच्या संदेशात फक्त ‘कोणती जागा, कोणतं अक्षर’ एवढीच माहिती असेल तर तिघांची अट पाळणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे इतकी वर्षं हुशार माणसं अशी चावी शोधत होती, जी त्या कुलपाची नव्हतीच.

मग गुगल डॉक्स चालतं कसं? त्यांनी प्रश्नच बदलला. १९९५च्या सुमारास झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ज्युपिटर नावाची व्यवस्था तयार झाली होती. तिच्यात सगळे बदल मधल्या एका सर्व्हरकडे जातात आणि तो त्यांना एका ओळीत उभं करतो. प्रत्येकाचं भांडण फक्त सर्व्हरशी, त्यामुळे तिघांचा प्रश्न कायम दोघांचाच राहतो. गुगलने हा मार्ग धरला. किंमत एवढीच की मधला सर्व्हर लागतो. तो बंद, तर सहकार्य बंद.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात वाचनीय भाग हाच. शोधनिबंध, तज्ज्ञांचं परीक्षण, परिषदेतलं भाषण या सगळ्या चाळण्यांतून पार झालेली चूक एका निर्विकार प्रोग्रामने पकडली.

टेस्टिंग करून का सापडत नाही?

‘नीट टेस्ट करायला काय होतं यांना?’ ही कॉमेंट प्रत्येक खोळंब्याच्या बातमीखाली असते. आकडे बघा. दोन जण प्रत्येकी ३ कृती करणार असतील तर त्या एकमेकांत मिसळण्याचे २० क्रम होतात. तीन जण असतील तर १,६८०. चार जण असतील तर ३,६९,६००. कृती फक्त तीन-तीनच, माणसं फक्त चार. यात अजून नेट जाणं, संदेश उशिरा पोचणं, फोन बंद पडून पुन्हा सुरू होणं धरलेलंच नाही.

यातले बहुतेक क्रम निरुपद्रवी असतात. एखादाच घातक असतो, आणि तोही टेस्ट करताना सहसा घडत नाही, कारण ऑफिसमधलं नेट चांगलं असतं. पण जगात दिवसाला कोट्यवधी वेळा तीच कृती होते तेव्हा ‘कोटीत एकदा’ म्हणजे रोज होतो. आमच्याकडे निकालाच्या दिवशी पाच-सहा जण एकाच शीटमध्ये आकडे भरत असतात. त्या दिवशी मला या गणिताची आठवण फार येते.

मग मॉडेल म्हणजे काय करतात?

मॉडेल म्हणजे इथे कोड नाही. एआयवालं मॉडेलही नाही. इमारत बांधण्याआधी इंजिनिअर आराखडा काढून कुठल्या खांबावर किती भार येईल हे बघतो, तसा हा सॉफ्टवेअरचा आराखडा. फरक असा की तो गणिताच्या भाषेत असतो, त्यामुळे यंत्राला तो तपासता येतो.

त्यात तीन गोष्टी लिहायच्या. पहिली, व्यवस्था कोणकोणत्या अवस्थांत असू शकते. दुसरी, एका अवस्थेतून दुसरीत नेणारी पावलं कोणती. तिसरी, काय कधीही होता कामा नये. बस. मग तपासनीस प्रोग्राम सुरुवातीच्या अवस्थेपासून निघतो आणि शक्य असलेलं प्रत्येक पाऊल, प्रत्येक क्रमाने टाकून बघतो. कुठे नियम मोडला की थांबतो आणि तिथपर्यंतची वाट पावलापावलाने दाखवतो.

डायनॅमोडीबीचा प्रकार अशा आराखड्यात बसवून बघा. दोन एनॅक्टर, काही योजना. पावलं चार: योजना घे, नवी आहे का तपास, लागू कर, जुन्या पुसून टाक. नियम एक: लागू असलेली योजना कधीही पुसलेली नसावी. आता यंत्राला सोडा. पहिल्याने योजना १ घेतली. पहिल्याने तपासली, ठीक. दुसऱ्याने योजना २ घेतली, तपासली, लागू केली. पहिल्याने १ लागू केली. दुसऱ्याने जुन्या पुसल्या, त्यात १ गेली. नियम मोडला. सात-आठ पावलांत वाट सापडते.

हे मी सोपं करून लिहिलंय, खरी व्यवस्था बरीच गुंतागुंतीची आहे. पण एक बारकावा बघा. ‘तपासणं’ आणि ‘लागू करणं’ यांच्यामध्ये किती वेळ जाईल, हे मॉडेलमध्ये आपण लिहिलेलंच नाही. मग तपासनीस सगळ्यात वाईट गृहीत धरतो: कितीही वेळ जाऊ शकतो. माणूस इथे चुकतो. ‘तपासल्या तपासल्या लगेच लागू होईल, मध्ये असा किती वेळ जाणार?’ असं आपल्याला सहज वाटून जातं.

अशा आराखड्यांसाठीची एक नावाजलेली भाषा म्हणजे टीएलए प्लस. ती बनवली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी. शास्त्र शाखेतल्यांना हे नाव लेटेक्समुळे माहीत असेल, तेच हे. त्यांना २०१३चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सगळ्या शक्यता यंत्राकडून तपासून घेण्याच्या पद्धतीसाठी, म्हणजे मॉडेल चेकिंगसाठी, क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस या तिघांना २००७चा ट्युरिंग पुरस्कार आधीच मिळाला होता. एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांची अलॉय ही भाषाही याच कुळातली. आणि हे फक्त ॲपवाल्यांपुरतं नाही. पॅरिस मेट्रोची १४ क्रमांकाची विनाचालक लाइन १९९८ मध्ये सुरू झाली, तिचं सुरक्षेशी संबंधित सॉफ्टवेअर बी मेथड नावाच्या अशाच गणिती पद्धतीने बांधलं होतं.

३५ पावलांची चूक

आता ॲमेझॉनकडे परत. २०१५ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी एक लेख प्रसिद्ध केला, त्याची आजही उदाहरणं दिली जातात. डायनॅमोडीबीच्या रचनेचं टीएलए प्लसमध्ये मॉडेल केल्यावर तपासनीसाला डेटा हरवू शकेल अशी एक चूक सापडली. तिथपर्यंत पोचणारी सगळ्यात छोटी वाट ३५ पावलांची होती. आधी बिघाड, मग सावरणं, मध्ये दुसरं काम, पुन्हा बिघाड, असं सगळं नेमक्या क्रमाने घडलं तरच. रचनेची चर्चा, कोडची तपासणी, टेस्टिंग या सगळ्यांतून ती निसटली होती. पस्तीस पावलं पुढचं बघणारा बुद्धिबळपटूही विरळाच.

याच लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नव्याने लागलेल्या अभियंत्यांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळ्यांना ही भाषा शून्यापासून शिकून दोन-तीन आठवड्यांत उपयोगी निकाल मिळाले. ‘हे पीएचडीवाल्यांचं काम’ हा समज त्यामुळे बराच कमी झाला.

सहकारी सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझं आवडतं उदाहरण मात्र मोंगोडीबीचं. मोबाइल ॲप ऑफलाइन असताना केलेले बदल नेट आल्यावर जुळवून घेणारी त्यांची एक व्यवस्था होती, रिअल्म सिंक. ती ‘२५०’च्या गोष्टीतल्या पद्धतीनेच चालायची. तिचे बदल जुळवण्याचे नियम अभियंत्यांनी कोडमधून उचलून टीएलए प्लसमध्ये लिहिले आणि तपासनीस सुरू केला. तर तपासनीसच कोसळला. कारण शोधल्यावर कळलं की यादीतल्या दोन वस्तूंची अदलाबदल आणि एक वस्तू हलवणं हे दोन बदल एकाच वेळी आले तर जुळवाजुळव संपतच नाही. दोन्ही नियम एकमेकांना ‘आधी तू, आधी तू’ करत राहतात. चालू कोडमध्ये ही चूक बसून होती. शेवटी कंपनीने अदलाबदलीची सोयच काढून टाकली.

मग त्यांनी त्याच मॉडेलमधून ४,९१३ टेस्ट आपोआप तयार केल्या. हाताने लिहिलेल्या टेस्ट जुळवणीच्या कोडमधल्या फक्त २१ टक्के फाट्यांपर्यंत पोचत होत्या. यादृच्छिक मारा करणारं नेहमीचं साधन ९२ टक्क्यांपर्यंत. मॉडेलमधून निघालेल्या टेस्ट १०० टक्क्यांपर्यंत पोचल्या.

२०२०च्या त्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग अपयशाचा आहे आणि तोही त्यांनी छापला. मुख्य डेटाबेसच्या बाबतीत ‘चालू कोड मॉडेलप्रमाणेच वागतोय का’ हे तपासायचा प्रयत्न त्यांना सोडून द्यावा लागला, कारण मॉडेल आणि कोड एकमेकांपासून फारच लांब गेले होते. या पद्धतीचं खरं दुखणं हेच आहे. आराखडा कितीही निर्दोष असला तरी गवंड्याने भिंत चार बोटं सरकवली तर आराखडा काही बोलत नाही.

२० ऑक्टोबरचं कोडंही इथेच सुटतं. ‘ॲमेझॉन फॉर्मल मेथड्स वापरते’ याचा अर्थ ॲमेझॉनच्या प्रत्येक यंत्राचा प्रत्येक कोपरा तपासलेला आहे असा होत नाही. डेटा कसा साठवायचा आणि प्रती कशा ठेवायच्या हा डायनॅमोडीबीचा गाभा. पडला तो त्याच्या पत्त्यांची नोंद ठेवणारा बाजूचा कारकून. मोठ्या कंपन्यांत हुशारी आणि वेळ गाभ्यावर खर्च होतो. पत्ते बदलणं, सर्टिफिकेट नव्याने घेणं, जुनं पुसणं ही कामं ‘किरकोळ ऑटोमेशन’ म्हणून बघितली जातात. पण सगळी गर्दी त्याच अरुंद दारातून आत जाते.

सगळ्यांना तेच दिसलं, तरी चूक? मराठीत हमखास

आतापर्यंत आपला नियम होता: सगळ्यांच्या स्क्रीनवर शेवटी एकच मजकूर दिसावा. हा नियम पाळणाऱ्या नव्या रचनांना सीआरडीटी म्हणतात. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी त्यांची रीतसर मांडणी केली. यात मधला सर्व्हर लागतोच असं नाही. प्रत्येक अक्षराला जागेच्या क्रमांकाऐवजी कायमची स्वतःची ओळख मिळते, त्यामुळे ‘तिसरा की चौथा’ हा वादच उरत नाही. २०१७ मध्ये केंब्रिजच्या गटाने अशा काही रचनांची सिद्धता इझाबेल नावाच्या साधनात यंत्राकडून तपासून घेतली आणि त्यात नेटवर्कचं मॉडेलही धरलं.

पण ‘सगळ्यांना तेच दिसतं’ म्हणजे ‘हवं ते दिसतं’ असं नाही. आता मराठी घ्या. ‘मत’ या शब्दात संगणकाच्या दृष्टीने दोन खुणा आहेत: म आणि त. तुम्ही अनेकवचन केलंत, ‘मते’. म्हणजे त नंतर मात्रेची एक खूण घातलीत, कारण आपल्या काना-मात्रा युनिकोडमध्ये वेगळ्या मोजल्या जातात. त्याच वेळी दुसऱ्याने त खोडला. प्रत्येक खूण सुटी धरणारं सॉफ्टवेअर दोन्ही बदल इमानदारीने लागू करतं: त गेला, मात्रा राहिली, ती जाऊन चिकटली म ला. दोघांच्याही स्क्रीनवर एकच शब्द: ‘मे’. लिहिलं एकानेही नाही, दिसतंय दोघांना. गणिताच्या नियमाप्रमाणे सगळं ठीक आहे, सिद्धताही खरी आहे.

इंग्रजीत हा प्रकार असा दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर साधारणपणे एकच खूण असतं. तरी तिकडेही त्याचं भावंड सापडलंच. २०१९ मध्ये मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही रचनांमध्ये दोघांनी एकाच जागी दोन शब्द लिहिले तर त्यांची अक्षरं एकमेकांत पिसली जाऊ शकतात. तेही सगळ्या स्क्रीनवर अगदी सारखीच. क्लेपमन हे २०१७च्या सिद्धतेच्या लेखकांपैकीच एक. यंत्र तुमचा नियम तपासतं, पण ‘अक्षर फुटता कामा नये’ हा नियम लिहायचं कुणाला सुचलं नाही तर यंत्रालाही सुचत नाही. हा नियम देवनागरी, तमिळ, बंगाली लिहिणाऱ्याला आधी सुचेल, म्हणून ही साधनं बनवणाऱ्या टेबलांवर आपली माणसं असण्याला अर्थ आहे.

आणि आपलं यूपीआय?

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयने पहिल्यांदाच एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. प्रत्येक व्यवहारात तुमचं ॲप, तुमची बँक, मुंबईचं एनपीसीआय, समोरच्याची बँक, त्याचं ॲप इतके जण असतात आणि त्यांच्यातला कुठलाही संदेश हरवू शकतो. हेही सहकारी सॉफ्टवेअरच, फक्त मजकुराच्या जागी पैसे. इथे मॉडेलमध्ये दोन प्रकारचे नियम लागतात. एक, वाईट कधीच होऊ नये: पैसे एकदाच कापले जावेत. दोन, चांगलं कधी ना कधी झालंच पाहिजे: कापलेले पैसे समोर पोचावेत किंवा परत यावेत. ‘पेंडिंग’ बघून पोटात गोळा येतो तो दुसऱ्या नियमामुळे.

१२ एप्रिल २०२५ला यूपीआय काही तास अडखळलं. एनपीसीआयच्या पाहणीत कारण निघालं ‘व्यवहाराचं काय झालं?’ या विचारणेचं. काही बँका ती पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीही पाठवत होत्या आणि त्या गर्दीखाली व्यवस्था वाकली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिली विचारणा ९० सेकंदांनंतर आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन वेळा व्हायला हवी होती. एका बँकेला अधूनमधून विचारणं योग्यच वाटणार. सगळ्यांनी मिळून विचारल्यावर ते हल्ल्यासारखं होतं. पुन्हा तोच साचा: प्रत्येक जण आपल्या परीने बरोबर, एकत्र आल्यावर गडबड.

इथे एक खुलासा हवा. टीएलए प्लससारखं मॉडेल क्रम आणि तर्क तपासतं. सेकंदाला किती विनंत्या पेलतील हे ते सहसा सांगत नाही, त्यासाठी भाराच्या चाचण्या वेगळ्या लागतात. पण ‘बँकेने नियम पाळला नाही तर?’ हा प्रश्न मॉडेल लिहितानाच विचारावा लागतो, कारण समोरचा काय काय करू शकतो याची यादी दिल्याशिवाय तपासनीस पुढे सरकतच नाही.

आता याची चर्चा का वाढली आहे?

एक कारण एआय. कोड लिहिणं स्वस्त झालं, वाचून खात्री करणं महागच राहिलं. त्यामुळे कोडमागची रचना यंत्राकडून तपासून घेण्याला नवी मागणी आली आहे. टीएलए प्लससाठी २०२३ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्वतंत्र संस्था स्थापन झाली, सुरुवातीच्या सदस्यांत ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल आहेत. एआयच्या मदतीने मॉडेल लिहून घेण्याचे प्रयोगही जोरात आहेत. मला यात धोका दिसतो तो एवढाच: एआयने कोडही लिहिला, नियमही लिहिला आणि दोन्ही जुळले, तर ते एकमेकांशी जुळले इतकंच कळतं. वरच्या ‘मे’चं काय, ते कुणी विचारायचं?

खर्चाचा आक्षेपही खरा आहे. पाच जणांच्या स्टार्टअपने टू-डू ॲपसाठी हे करावं असं कुणी म्हणत नाही. भाषा आणि तपासनीस मोफत आहेत, लॅम्पोर्ट यांचे शिकवण्याचे व्हिडिओही मोफत आहेत. महाग असतो तो हे काम करणाऱ्या माणसाचा वेळ. तो कुठे घालायचा याचा साधा निकष अभियंते देतात: चूक झाल्यावर मागे फिरता येणार नसेल, तिथे आधी.

एडब्ल्यूएसने काय केलं? खोळंब्यानंतर डायनॅमोडीबीचा पत्त्यांचा प्लॅनर आणि एनॅक्टर जगभर बंद केले. दोघांच्या शर्यतीची ही चूक दुरुस्त करून आणि चुकीची योजना लागूच होणार नाही असे जादा अडथळे घालूनच ते पुन्हा सुरू करू, असं अहवालात लिहिलं आहे.